नाशकात शिडाची छोटी होडी: पहिल्या दिवसापासून नीट सांगतो

रविवारी सकाळी सेलिंगला जातो म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मुंबईला जातोस का?" नाही रे बाबा, समुद्र लागत नाही त्याला. पाणी लागतं, वारा लागतो आणि दोन-चार वेळा पाण्यात पडायची तयारी लागते, बस. देवासकडच्या एका शेतकऱ्याची पोरगी नेहा ठाकूर भोपाळच्या तळ्यावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या एशियन गेम्समध्ये सेलिंगचं सिल्व्हर घेऊन आली, भोपाळपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा एकदा. आणि आपल्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये बोट घेऊन उतरला होता, ती वल्ह्यांची होती, शिडाची नव्हे, पण गाव बघा ना, टँकरचं पाणी माहिती असलेला भाग तो. तेव्हा नाशिककरांनी "आपलं काम नाही" म्हणू नये.

तर डिंघी म्हणजे साधारण अडीच ते साडेचार मीटरची उघडी होडी, इंजिन नाही, केबिन नाही, एक किंवा दोन शिडं. मोठ्या यॉटला खाली जड कील (तळाला जोडलेलं वजन) असते म्हणून ती सहसा उलटत नाही, डिंघीला तसं काही नसतं, मधून खाली सरकवायची एक फळी असते फक्त (सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड म्हणतात), त्यामुळे तुमचं वजन हाच तिचा तोल आणि त्यामुळे ती उलटणारच. हे आधीच डोक्यात पक्कं करा. उलटणं हा अपघात नाही, अभ्यासक्रमातला पहिला धडा आहे. जो हा धडा टाळतो तो पुढे सहा महिने दोरी घट्ट धरून घाबरत बसतो, मी स्वतः बसलोय.

कोणती होडी घ्यायची

पोरांसाठी ऑप्टिमिस्ट. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने काढलेलं डिझाइन आहे, लांबी २.३ मीटरच्या आसपास, पुढून चपटी, दिसायला बाथटबसारखी पण जगभरातली पोरं यावरच शिकतात. वजन ३५ किलो, म्हणजे दोन पोरं मिळून उचलतात. मोठ्या माणसाने त्यात बसू नये, दोन्ही गुडघे कानाला लागतात.

मोठ्यांसाठी माझं मत विचाराल तर लेझर, आता तिला आयएलसीए म्हणतात पण जुनी मंडळी लेझरच म्हणतात. ब्रूस कर्बीचं डिझाइन, ४.२ मीटर लांब, नुसती होडी ५९ किलो, १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. ऑलिम्पिक ऐकून घाबरू नका, तिची खरी गंमत अशी की होडी एकच आणि शिडं तीन मापांची मिळतात, ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. वजन साठ-पासष्ट किलो असेल तर मधलं किंवा सगळ्यात छोटं शीड लावायचं, मोठं शीड वाऱ्यात आवरत नाही आणि उगाच इगो मध्ये आणू नका, जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर किलो उचलायला जाण्यासारखं होतं ते. लेझरसारखीच पण अजून सोपी म्हणजे सनफिश, शीड लावायला जास्त डोकं लागत नाही, मिळाली तर सोडू नका.

दोघांनी मिळून शिकायचं असेल, नवरा-बायको किंवा बाप-लेक, तर एंटरप्राइज किंवा मिरर बघा. मिरर १९६३ ची, प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांधे रेझिनने चिकटवायचे असं घरी बांधायचं किट होतं ते, सत्तर हजारांवर होड्या अशा तयार झाल्या. त्याच पद्धतीने आठ फुटी चौकोनी होडी तीन-चार शीट मरीन प्लायमध्ये कुणीही बांधू शकतो. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) लिहिलेलं आहे का बघून घ्या, नुसतं "वॉटरप्रूफ आहे साहेब" यावर विश्वास ठेवू नका. सातपूर-अंबडला फायबरचं काम करणारी वर्कशॉप आहेत, इपॉक्सीचं (सांधे चिकटवायच्या रेझिनचं) काम पहिल्यांदा कुणाकडून तरी बघून घ्या. शिडाला सुरुवातीला चांगली ताडपत्री चालते, खरंच चालते, शेतावर असते तीच.

जुनी होडी घेताना फसू नका. मी फसलो. चकाचक पॉलिश केलेली लेझर बघून पैसे दिले आणि घरी आणून वजन केलं तर बारा-तेरा किलो जास्त, आतल्या फोममध्ये पाणी मुरलेलं. तेव्हा हे करा: वजनकाटा घेऊन जा, लाज वाटू देऊ नका. डेकवर अंगठ्याने दाबत फिरा, कुठे मऊ लागलं किंवा कचकच आवाज आला तर आतून सुटलंय. मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, ज्या भोकात बसतो त्यात पाणी ओता आणि दहा मिनिटं चहा प्या, पातळी खाली गेली तर पाणी होडीच्या पोटात चाललंय, आणि तिथेच सगळ्यात जास्त जोर येतो, म्हणजे एक दिवस मास्ट भोकासकट बाहेर येणार. शीड जुनं असेल तर चालतं, होडी सडकी चालत नाही.

पण खरं सांगू का, आधी विकत घेऊच नका. मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद, कुठेही चार-पाच दिवसांचा बेसिक कोर्स करा. मुंबई आपल्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, दोन वीकेंड काढा. या लेखाने कोर्सची भरपाई होत नाही, कोर्सनंतर घरी येऊन "आता पुढे काय" असं होतं ना, तेव्हा हा कामाला येईल.

कुठे आणि कधी

आपल्याकडे पाणी म्हणजे धरणं. गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा, सगळीकडे बॅकवॉटर मस्त आहे, पण धरण म्हणजे गावची विहीर नव्हे, जलसंपदा विभागाचं असतं आणि गंगापूरचं पाणी तर आपण सगळे पितो. त्यामुळे कुठे उतरायचं, परवानगी कुणाची, हे आधी लेखी विचारून घ्या, "आमच्या ओळखीचा वॉचमन आहे" हे उत्तर नाही. धरणाची भिंत आणि सांडवा यांच्या जवळपास फिरकायचं नाही, कधीच नाही. नांदूर मध्यमेश्वरकडे तर बोट घेऊन जायचा विचारही करू नका, पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, तिथे दुर्बीण घेऊन जा.

पावसाळ्यात बंद. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळं गाव बघायला जातं, तेव्हा वर धरणात काय चाललं असेल ते समजून घ्या, वारा वेडावाकडा, पाण्यात ओंडके, विसर्ग कधी वाढेल भरवसा नाही. शिकायला उत्तम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धरण भरलेलं असतं, वारा मंद असतो. पहाटे मात्र जाऊ नका, थंडीने बोटं वळत नाहीत आणि पाणी आरशासारखं पडलेलं असतं, दहा वाजता ऊन तापलं की झुळूक सुरू होते. मार्चपासून दुपारी पश्चिमेकडून वारा चांगला जोर धरतो, तोवर तुम्हाला थोडं जमायला लागलेलं असेल. एप्रिल-मे मध्ये वळवाचं भान ठेवा, लांब आभाळ काळं झालं किंवा गडगडलं की लगेच काठावर, "अजून एक राउंड" नाही, कारण पाऊस यायच्या आधी जी वावटळ येते ती होडीला कागदासारखी फिरवते आणि पाण्याच्या मधोमध सगळ्यात उंच वस्तू तुमचा मास्ट असतो.

आकडा हवा असेल तर मोबाइलवर वाऱ्याचा वेग ताशी ७ ते १८ किलोमीटर दिसला तर नवशिक्याने जावं. मोठे झोत, म्हणजे गस्ट, २५ च्या वर दाखवत असतील तर घरी मिसळ खा. वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणून १० आणि २० मधला फरक "थोडासाच" नसतो. अ‍ॅप नसलं तरी पाणी बघा, लाटांच्या टोकाला ठिकठिकाणी पांढरा फेस दिसायला लागला की तुमच्यासाठी आज सुट्टी. डोंगर आणि झाडांच्या आडोशाला वारा मेलेला असतो आणि आडोसा संपला की एकदम थोबाडीत मारल्यासारखा येतो, आपल्या धरणांवर हे फार होतं, चारी बाजूंनी टेकड्या आहेत ना.

आणि पाण्याखालचं. ऑक्टोबरमध्ये जिथे दहा फूट पाणी तिथे मार्चमध्ये बाभळीचे बुंधे, जुने बांध, बसाल्टचे सुळके दोन फुटांवर असतात. उन्हाळ्यात एकदा काठाने चालत जाऊन फोटो काढून ठेवा, पुढच्या हिवाळ्यात तोच तुमचा नकाशा. मच्छीमारांची जाळी असतात, प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग तरंगताना दिसली की लांबून वळा, त्यांची रोजीरोटी आहे ती आणि तुमचा बोर्ड अडकला तर दोघांचंही नुकसान.

लाइफ जॅकेट आणि बाकीचं

जॅकेट काठावर घालायचं, पाण्यात गेल्यावर नाही. पोहता येत असेल तर ५० न्यूटनचं (तरंगवायच्या ताकदीचं माप) चालतं, हालचाल मोकळी राहते, पोहता येत नसेल तर १०० किंवा वरचं घ्या आणि आधी पोहणं शिका राव, खरंच. खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीपर्यंत सरकलं तर साइज चुकली. पायाला जुने कॅनव्हासचे बूट, चप्पल गाळात राहते. हातमोजे हवेत, बागकामाचे चालतील, दोरीने पहिल्या दिवशी तळहात सोलतात. टोपीला दोरी, गॉगलला दोरी, मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये आणि तो पाउच अंगाला बांधलेला, शिट्टी जॅकेटला. काठावर एक माणूस बसवा ज्याला किती वाजता परत येणार ते माहिती आहे.

होडी लावणं

होडीचं नाक वाऱ्याकडे करून ठेवा, नाहीतर शीड चढवल्या चढवल्या ती जमिनीवरच आडवी होईल. आधी वर बघा. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. धरणाच्या काठाला शेतीपंपांच्या विजेच्या तारा असतात, बऱ्याच ठिकाणी लोंबलेल्या, आणि तुमचा मास्ट अल्युमिनियमचा सहा मीटरच्या आसपास उंच. जिथे तार दिसते तिथे मास्ट उभा करायचाच नाही, होडी लांब नेऊन लावा.

लेझरला शिडाची एक बाजू पिशवीसारखी शिवलेली असते, ती मास्टवर मोज्यासारखी चढवायची, मास्ट भोकात उभा करायचा, मग बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, जोडायचा, शिडाचं मागचं टोक बूमच्या टोकाला ओढून बांधायचं पण बूमला घट्ट चिकटवायचं नाही, मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी पोकळी ठेवा. मग वँग, म्हणजे बूम वर उडू नये म्हणून खाली ओढणारी दोरी. मग मेनशीट, ही शीड ओढायची-सोडायची तुमची मुख्य दोरी, तिच्या शेवटच्या टोकाला आठ आकड्याची गाठ मारा नाहीतर पहिल्याच झोताला सगळी सुटून निघून जाते. रडर, म्हणजे मागचं सुकाणू, लावून त्याची क्लिप खरंच बसली का बघा, होडी उलटली की न बसलेला रडर निघून जातो, आणि तो तरंगलाच तर नशीब. डॅगरबोर्ड दोरीने होडीला बांधलेलाच हवा. सगळ्यात शेवटी मागचं बूच. ड्रेन प्लग. हे विसरून पाण्यात गेलेला मी एकटा नाही, पण अर्ध्या तासाने "आज होडी जड का वाटतेय" असं मोठ्याने म्हणणारा बहुतेक मी एकटाच असेन.

आता पाण्यात

जमिनीवर आधी एक घड्याळ काढा, वारा जिकडून येतो तिथे १२. साडेदहा ते दीड या पट्ट्यात कुठलीही होडी जात नाही, शीड नुसतं फडफडतं. ३ आणि ९ म्हणजे वाऱ्याला आडवं, हे सगळ्यात सोपं आणि वेगवान, ६ म्हणजे वाऱ्याबरोबर, जे सोपं वाटतं पण नवशिक्याला तिथेच जास्त फटके बसतात. पहिला अख्खा दिवस फक्त ३ ते ९ आणि परत ९ ते ३ करा. दोन रिकामे कॅन दगड बांधून सोडा आणि त्यांच्यामध्ये फिरा, जाताना ते कॅन परत घेऊन जा.

काठ निवडताना वारा किनाऱ्याला समांतर किंवा थोडा तिरका असेल असा निवडा. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा, काठावर शांत वाटतं आणि दोनशे मीटर गेलात की परत यायला वाऱ्याच्या तोंडावर चढावं लागतं, जे तुम्हाला अजून येत नाही.

बसायचं शिडाच्या विरुद्ध बाजूला, वाऱ्याकडे पाठ. एका हातात टिलर, म्हणजे रडर फिरवायचा दांडा, दुसऱ्यात मेनशीट. टिलर शिडाकडे ढकलला की नाक वाऱ्याकडे वळतं, स्वतःकडे ओढला की वाऱ्यापासून लांब. पहिला तास उलटं होणारच, ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेतलेल्यांना पटकन जमतं असा माझा अनुभव आहे. शीड किती ओढायचं? दोरी सोडत जा, पुढची कड फडफडायला लागली की थांबा, आता फडफड बंद होईल एवढीच ओढा. झालं. जास्त ओढलं तर वेग वाढत नाही, होडी नुसती कलते.

पण चालवण्याआधी थांबवणं शिका. दोरी पूर्ण सोडा, शीड फडफडतं, होडी काही सेकंदांत थांबते. एवढंच ब्रेक आहे. दहा वेळा करा: ओढा, चालली, सोडा, थांबली. घाबरल्यावर माणूस हातातलं घट्ट धरतो, इथे नेमकं उलट करायचंय, शंका आली की दोरी सोडायची, आणि हे हाताला कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही. वाऱ्याचा झोत येताना पाण्यावर काळपट डाग सरकत येताना दिसतो, तो पोचायच्या आधी बाहेर झुका आणि दोरी थोडी द्या. होडी सपाट राहिली पाहिजे, कललेली फोटोत छान दिसते पण हळू चालते.

वळायचं म्हणजे टॅक. वेग असताना टिलर हळूच शिडाकडे ढकला आणि तसाच ठेवा, नाक वाऱ्यातून पलीकडे जाईल, बूम डोक्यावरून जाईल, वाकून दुसऱ्या बाजूला जा, टिलर सरळ. अर्ध्यात घाबरून टिलर सोडला की होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकते. मग बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला ढकला, होडी मागे सरकत तोंड फिरवते, मग दोन्ही ओढून घ्या. जाइब म्हणजे वारा मागून असताना वळणं, त्यात बूम एका झटक्यात येतो आणि डोक्यात बसतो, तेव्हा पहिले काही दिवस जाइब करूच नका, गोल फिरून टॅक करा, कुणी हसत नाही.

मुद्दाम उलटवा

दुसऱ्या दिवशी, कमी वाऱ्यात, छातीभर किंवा थोड्या जास्त पाण्यात, शेजारी कुणीतरी असताना होडी स्वतःच आडवी करा. फार उथळ नको, मास्ट गाळात रुततो. पडल्यावर होडी सोडायची नाही, हा एकच नियम, काठ कितीही जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही, होडी तरंगते आणि लांबून दिसते, तुमचं डोकं दिसत नाही. मेनशीट मोकळी आहे का बघा, अडकलेली असेल तर होडी उभी राहून लगेच दुसऱ्या बाजूला आडवी होईल. पोहत खालच्या बाजूला डॅगरबोर्डकडे या. शक्य असेल तर होडीचं नाक वाऱ्याकडे आणा. बोर्डवर चढा, होडीच्या जवळ पाय ठेवा, टोकाला नको, मोडतो. कड धरून मागे झुका आणि थांबा. जोर लावून झटके देऊ नका, शिडावरचं पाणी निथळायला वेळ लागतो, मग ती आपोआप उठायला लागते आणि उठता उठता तुम्ही आत. पाच वेळा झालं की भीती निम्मी जाते. पूर्ण पालथी झाली, मास्ट खाली, तरी हेच, फक्त वेळ जास्त लागतो. तीनदा प्रयत्न करून दम लागला तर होडीवर बसा, शिट्टी वाजवा आणि वाट बघा.

परत आल्यावर

काठाजवळ आलात की बोर्ड वर ओढा, दोरी सोडा, उडी मारण्याआधी पायाने खोली बघा कारण उन्हाळ्यात काठाचा गाळ गुडघ्यापर्यंत घेतो. आपल्याकडे खारं पाणी नाही त्यामुळे गंज कमी, हा नाशिकचा फायदा, पण गाळ पुल्यांमध्ये बसतो, गोड्या पाण्याने धुवा. शीड वाळवून गुंडाळा, घडी घालून चुरगळू नका, आणि उन्हात टाकू नका, आपलं मे महिन्याचं ऊन कापड आणि दोरी दोन्ही खातं. होडी पालथी, झाकून. बूच काढून ठेवायचं म्हणजे आतली ओल निघून जाते, आणि ते बूच लाइफ जॅकेटच्या खिशात, दुसरीकडे कुठेही नाही.

एक राहिलंच, छोटं वल्हं कायम होडीत बांधलेलं असू द्या. जानेवारीत एकदा मधोमध वारा पडला, पान हलेना, मी वल्हं घरी विसरलेलो आणि हाताने पाणी ओढत बसलो होतो, तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक मच्छीमार काका जाळं बघत माझ्या शेजारून पुढे निघून गेले, थोडं लांब जाऊन थांबले, मागे वळून म्हणाले, "दोरी टाक इकडं."